पार्ल्याची पनामा, मामाची बिडी

आमच्या कागल तालुक्यात वेदगंगेच्या काठची जी काळी जमीन आहे, तिच्यात आज्याच्या वेळेपासून तंबाखू व्हायची. माल निपाणीला जायचा. निपाणी कर्नाटकात, आम्ही महाराष्ट्रात. पण बैलाला हद्द कळत नाही आणि वखारवाल्याला ती कळून घ्यायची गरज नव्हती. पावसाचा जोर ओसरला की तरवा लावायचा. झाड कमरेला आलं की शेंडा खुडायचा. मग बगलेतनं फुटवे येतात, ते पुन्हापुन्हा मोडत बसायचं. फुटवे मोडताना हाताला चीक बसतो, काळा, डिंकासारखा. त्या हातानं भाकरी खाल्ली तर भाकरी कडू लागते. राख लावा, माती लावा, लिंबू चोळा, चार दिवस जात नाही. थंडीच्या शेवटाला झाड कापून रानातच वाळत घालायचं आणि पहाटे दव असतानाच त्याला हात लावायचा, कारण ऊन चढलं की पानाचा चुरा होतो. चार वाजता उठून, डोक्याला टॉवेल गुंडाळून, शिंका देत तंबाखू उलटी करायची. शाळेत गेलो की मास्तर म्हणायचे, आला तंबाखूवाला, खिडकीपाशी बस.

एवढं सगळं करून आमची तंबाखू सिगारेटीत जात नाही, हे मला सतरा वर्षांचा होईस्तोवर माहीत नव्हतं. गावात कुणालाच माहीत नसावं. वखारीत पोती गेली की पुढं काय होतं, ते बघायला कोण गेलं होतं? सिनेमातला हिरो सिगारेट ओढायचा तेव्हा आमचा एक चुलता अंधारात म्हणायचा, "ओढ लेका, आमचीच हाय."

ती आमची नव्हती, हे कळलं मालाडला.

१९७६ साली मी दहावी पास झालो. अकरावीची जुनी मॅट्रिक मोडून दहावीची एस.एस.सी. आली, त्यातली आमची दुसरी बॅच. पुढं शिकण्याइतके मार्क नव्हते. जमीन तीन एकर आणि आम्ही भाऊ तिघं. आईचा धाकटा भाऊ मुंबईत होता. मालाड पश्चिमेला, स्टेशनपासून थोडं पुढं, एस. व्ही. रोडच्या कडेला त्याची पान-बिडीची टपरी होती. राहायला तो पूर्वेला कुरार गावात. दहा बाय दहाची पत्र्याची खोली. त्यात मामा, मामी, दोन पोरं आणि पाचवा मी. आई मला एस.टी.त बसवताना म्हणाली होती, "मामाच्या शब्दाभायेर जाऊ नको." मामा पहिल्याच दिवशी म्हणाला, "दहावी शिकलायस न्हवं? मग हिशोब तुझ्याकडं. चुना मी लावतो."

तेव्हाचं मालाड निम्मं गावच होतं. मार्वे रोडनं मीठ चौकीच्या पुढं गेलं की खाजण लागायचं, मग मढ-मार्व्याकडची कोळ्यांची, भंडाऱ्यांची, ख्रिस्ती लोकांची गावं. तिकडच्या वाड्यांतली भाजी पहाटे टोपल्यांतनं बाजारात यायची. पूर्वेला म्हशींचे तबेले. सोमवार बाजाराकडं बॉम्बे टॉकीजची जुनी जागा होती. १९३४ साली जिथं सिनेमाची कंपनी उभी राहिली तिथं आता लेथ मशीनं खडखडत होती. तिथले कामगार आमचं मुख्य गिऱ्हाईक. मळक्या कपड्यातला माणूस यायचा, खांबाला टांगलेल्या काथ्याच्या धुमसत्या दोरीचं टोक हातात घ्यायचा आणि तोंडात सिगारेट धरूनच सुट्टे पैसे फळीवर टाकायचा. मुंबईत माणूस तोंड बघून ओळखायला वेळ लागतो. सिगारेट बघून लगेच ओळखू येतो. महिन्याभरात मला ते जमायला लागलं.

वरच्या फळीवर विल्स, गोल्ड फ्लेक, फोर स्क्वेअर. ती पाकिटं धुळीनं मळू नयेत म्हणून मामा रोज फडक्यानं पुसायचा. एक पाकीट फोडलं की दोन-तीन दिवस पुरायचं. खालच्या फळीवर बिडीची बंडलं, तंबाखूच्या पुड्या, काडेपेट्या. आणि मधल्या फळीवर, हात सहज पोचेल अशा जागी, पनामा आणि चारमिनार. दुकान त्या मधल्या फळीवर चालायचं.

चारमिनार हैदराबादची. वझीर सुलतान टोबॅको कंपनीची. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं असेल, पण परभणी-नांदेडकडचा माणूस टपरीवर आला की हमखास चारमिनार मागायचा. बंगालीबाबूही तिच्यावर जीव टाकतात असं ऐकून होतो. पुढं कळलं की सत्यजित राय यांच्या गोष्टींतला फेलूदा नावाचा गुप्तहेरसुद्धा चारमिनारच ओढतो. कडक सिगारेट. नवशिक्यानं ओढली तर डोळ्यांत पाणी.

पनामा मात्र आमच्या लाइनीची. कारकून, रेल्वेतला माणूस, लालबाग-परळची खोली सोडून मालाडला आलेला गिरणीकामगार, शाळामास्तर. ह्यांना बिडी ओढायची लाज वाटायची आणि विल्स परवडायची नाही. साधी, बिनफिल्टरची. तिला एक सोय होती. अर्धी ओढून विझवायची, कानावर ठेवायची आणि परतताना पुन्हा पेटवायची. सकाळी ८:१० च्या लोकलला अर्धी आणि संध्याकाळी उतरल्यावर अर्धी, असं बांधून घेतलेले लोक मी बघितलेत. एक मास्तर होते, ते एकच विकत घ्यायचे आणि ब्लेडनं मधोमध कापून मागायचे. मामा तेही करून द्यायचा.

मला भूगोलात चांगले मार्क होते. मी मामाला सांगितलं, "मामा, पनामा अमेरिकेत हाय. दोन समुद्र जोडणारा कालवा हाय तितं. १९१४ साली झालाय."

मामा पान लावता लावता म्हणाला, "कुटली अमेरिका? पार्ल्यात हाय पनामा. एस. व्ही. रोडलाच. बशीत बस, दाखवतो."

आणि खरंच दाखवली. दुकानाला सुट्टी असलेल्या एका दिवशी आम्ही बसनं विलेपार्ले पश्चिमेला उतरलो. गोल्डन टोबॅको कंपनी. हाच रस्ता आमच्या टपरीपुढनं जातो आणि ह्याच रस्त्यावर सरळ खाली पनामा तयार होते, ह्याचं मला त्या दिवशी फार नवल वाटलं. आत जायचा प्रश्न नव्हता. फाटकासमोर रस्त्याच्या ह्या बाजूला उभं राहून बघितलं. मला आठवतो तो वास. मी तंबाखूत वाढलेला पोरगा, डोळे झाकून वखार ओळखणारा. हा वास तंबाखूचाच होता, पण आमचा नव्हता. गोडसर, गुऱ्हाळाच्या जवळपासचा. आमच्या तंबाखूचा वास नाकात शिरतो आणि ठसका आणतो.

त्याचं कारण सांगितलं ते आमच्याकडं माल टाकणाऱ्या माणसानं. हा सायकलच्या मागं पेटी बांधून टपऱ्या-टपऱ्यांवर सिगारेटी पोचवायचा. त्याला मी अभिमानानं सांगितलं की आम्ही निपाणी भागातले तंबाखूवाले. तो हसला. म्हणाला, "तुमची तंबाखू बिडीची. सिगारेटीला ती चालत नाही. सिगारेटीची येते आंध्रातनं, गुंटूरकडनं. तिला व्हर्जिनिया म्हणतात. ती उन्हात वाळवत नाहीत, भट्टीत वाळवतात. लिंबासारखी पिवळी होते."

त्या रात्री मी मामाला हे सांगितलं. मामाला ते आधीच माहीत होतं. तो खाटेवर बसून बिडी ओढत होता. इथं सांगायला पाहिजे की मामानं सिगारेट कधी ओढली नाही. दिवसाला शंभर-दीडशे सिगारेटी विकणारा माणूस स्वतः बिडी ओढायचा. दोन बंडलं रोज. म्हणायचा, "शिगरेटीत काय ऱ्हातंय? कागुद आन् वारा. बिडीत आपल्या रानातलं पान हाय." गावाकडनं आलेल्या माणसाची ही एक हौस असते. कुणी गावचा गूळ आणतो, कुणी तांदूळ. मामा बिडी ओढून गावाकडं जायचा.

मुंबईत असताना मला एक नाद लागला, पाकिटावरचं सगळं वाचायचा. पुढं वाचनाची गोडी लागली त्याची सुरुवात तीच. आता वय झाल्यावर पोरांकडनं, पुस्तकांतनं आणखी थोडं गोळा केलंय, ते इथं सांगतो.

तंबाखू ह्या देशातली नव्हेच. पोर्तुगीजांनी आणली आणि शब्दही त्यांचाच. अकबराच्या दरबारात ती पहिल्यांदा गेली ती आमच्याच बाजूनं, विजापुराहून. असद बेग नावाचा अकबराचा वकील १६०४ च्या सुमारास आदिलशाहीतनं परत जाताना चिलीम आणि तंबाखू घेऊन गेला. दरबारातल्या हकिमांनी तेव्हाच वाद घातला होता, हे नवं पान बादशहानं ओढावं का नाही म्हणून. म्हणजे डॉक्टर लोकांचं नको म्हणणं काही आजचं नव्हे.

सिगारेट आली इंग्रजांबरोबर. १९१० साली कलकत्त्याला इम्पिरियल टोबॅको कंपनी निघाली, तीच आजची आय.टी.सी. पुढची वीस वर्षं सिगारेट म्हणजे साहेबाची वस्तू. मग आलं १९३० साल. गांधींनी मीठ उचललं. परदेशी कापडाबरोबर परदेशी सिगारेटीवरही बहिष्कार पडला आणि बाहेरनं येणारा माल एकदम घटला. गोल्डन टोबॅको कंपनी त्याच १९३० सालची. हैदराबादची वझीर सुलतान कंपनी म्हणून नोंदली गेली तेही १९३० सालीच. आणि गंमत बघा, १९३० साली विलेपार्ल्यात मिठाच्या सत्याग्रहाची छावणी होती, जमनालाल बजाज तिचे पुढारी. ज्या पार्ल्यात लोक मीठ करून तुरुंगात जात होते, त्याच पार्ल्याच्या नावावर पुढं देशी सिगारेट आणि देशी बिस्किट दोन्ही चढलं. पारल्याची बिस्किटाची कंपनी १९२९ ची, रुळाच्या पलीकडं, पूर्वेला. गांधींना दारू-तंबाखू चालत नव्हती, पण त्यांच्या चळवळीच्या वाऱ्यावर देशी सिगारेटवाल्यांचंही शीड भरलं. असं होतं. पेरणारा एक पेरतो, उगवताना तणही उगवतं.

पण देशी कंपनीनं नाव ठेवलं ते पनामा. असं का, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. पनामा नावाची एक हॅट असते, साहेब लोक घालायचे. ती हॅटसुद्धा खरी पनामात होत नाही, इक्वेडोरात होते. तेव्हा पनामाची टोपी पनामाची नाही आणि पनामाची सिगारेट पार्ल्याची. गिऱ्हाइकाला वस्तू इथली चालते, नाव मात्र लांबचं लागतं. ह्याच कंपनीची ताज छाप नावाची सिगारेट होती. नाव एवढं देशी, पण आमच्या टपरीवरचा कारकून पनामा मागताना जेवढा ताठ उभा राहायचा तेवढा ताज छाप मागताना राहायचा नाही.

अंधेरीला, पूर्वेच्या बाजूला चकाल्याकडं आणखी एक सिगारेटीचा कारखाना होता, गॉडफ्रे फिलिप्सचा, फोर स्क्वेअरवाल्यांचा. म्हणजे पार्ले-अंधेरी एवढ्या पट्ट्यात दोन. आणि आम्ही मालाडला बसून दोघांचा माल सुट्टा विकत होतो.

मी टपरीवर रुळलो त्याच दिवसांत पाकिटावर एक नवी ओळ यायला लागली. सरकारनं १९७५ साली सिगारेटीचा कायदा केला होता. त्याप्रमाणं प्रत्येक पाकिटावर सूचना छापायची होती. ओळ इंग्रजीत. मामानं पाकीट माझ्यापुढं धरलं.

"काय लिवलंय रं त्येच्यावर?"

"शिगरेट ओढणं तब्बेतीला वाईट असतंय, असं लिवलंय."

"कुणी?"

"सरकारनं."

मामानं पाकीट उलटसुलट केलं. मग खालच्या फळीवरचं बिडीचं बंडल उचलून माझ्या हातात दिलं. "आन् हेच्यावर?"

मी सगळ्या बाजूंनी बघितलं. मालकाचा फोटो, छाप, पत्ता. बाकी काही नव्हतं.

"हेच्यावर काय न्हाई."

"बग," मामा म्हणाला. "सरकारला बी कळतंय."

तो कायदा फक्त सिगारेटीपुरता होता. बिडी त्यात नव्हती. का नव्हती त्याची कारणं शहाणी माणसं सांगतात: बिडी वळणाऱ्या लाखो बाया, घरोघरचा धंदा, गरिबाची वस्तू. सिन्नर, सोलापूर, निपाणी इथं बायांच्या मांडीवरच्या सुपावर संसार चाललेले. ते खोटं नाही. पण टपरीवरच्या माणसाला कारणं छापून मिळत नाहीत. त्याला दिसतं ते एवढंच, की ह्याच्यावर लिहिलंय आणि त्याच्यावर लिहिलेलं नाही. मामा पुढं कित्येक वर्षं गिऱ्हाइकांना हे सांगायचा. पनामा मागणाऱ्या खोकणाऱ्या माणसाला म्हणायचा, "सायब, बिडीवर या. तिच्यावर काय लिवल्यालं न्हाई." लोक हसायचे. मामा हसायचा नाही, त्याचा त्यावर विश्वास होता.

चार वर्षं मी मालाडला काढली. १९८० ला वडील थकले, थोरला वेगळा निघाला, आणि मला बोलावणं आलं. गेलो. तंबाखूच लावली, दुसरं काय लावणार? कोरडवाहू जमिनीत तेवढी रोकड देणारं दुसरं पीक नव्हतं. जोंधळा पोटाला, तंबाखू लग्नाला आणि दवाखान्याला, अशी आमच्याकडची वाटणी.

पण मालाडहून येताना माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली होती. पाकिटावर किंमत छापलेली असते. पनामाची किंमत पार्ल्यात ठरते, मालाडला तीच, कोल्हापूरला तीच. आणि आमच्या पानाची किंमत? वखारीत गेल्यावर व्यापारी मूठभर पान उचलायचा, चुरायचा, हुंगायचा, तोंड वाकडं करायचा. मग दलालाबरोबर हाताची बोटं धरून काही तरी ठरायचं. मग काट्यावर सूट. मातीची सूट, देठाची सूट, ओलीची सूट. पैसे दिवाळीला. कोणत्या दिवाळीला ते विचारायचं नाही. ज्या वखारीत आमचा माल जायचा तिचं नाव मी लिहीत नाही. त्या गल्लीत सगळ्यांचा काटा एकाच हातानं शिकलेला होता.

आंध्रातल्या व्हर्जिनियावाल्यांसाठी सरकारनं १९७६ साली गुंटूरला तंबाखू मंडळ काढलं. पुढं तिथं मंडळाच्या फलाटावर उघड लिलाव होऊ लागले. शेतकऱ्याच्या गाठीपुढं उभं राहून बोली बोलायची, बोटं झाकून नाही. हे मंडळ फक्त व्हर्जिनियाचं. बिडीची तंबाखू त्यात नाही. म्हणजे बिडीवर सूचना नाही आणि बिडीच्या पानाला लिलावही नाही. सिगारेटीला कायदाही मिळाला आणि मंडळही. मला तर असं वाटतं की सरकारच्या लेखी बिडी म्हणजे घरातली गोष्ट होती. ना तिच्यावर बोलायचं, ना तिच्यासाठी काही करायचं.

१९८१ च्या मार्चमध्ये निपाणीला आंदोलन उभं राहिलं. शरद जोशी आले, निपाणीचे प्राध्यापक सुभाष जोशी होतेच. मागणी एकच, तंबाखूला भाव. पुणे-बंगलोर रस्ता शेतकऱ्यांनी अडवला आणि तिथंच ठाण मांडलं. रस्त्यावर पालं पडली, चुली पेटल्या, बाया पोरं घेऊन बसल्या. मी आमच्या गावच्या गाडीबरोबर भाकऱ्या पोचवायला जायचो आणि एखादी रात्र तिथंच काढायचो. इतकी माणसं एका जागी आणि कुणी कुणाच्या अंगावर ओरडत नाही, असं मी आधीही बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. पंढरपूरची वारी सोडली तर. तीन आठवड्यांहून जास्त दिवस रस्ता बसून होता. ६ एप्रिलला लोकांना उठवलं. गोळीबार झाला. बारा शेतकरी मेले.

त्या दिवशी मी गावात होतो, दुसऱ्या दिवशीच्या फेरीची माझी पाळी होती. दुपारी बातमी आली तेव्हा आईनं चूल विझवली. बाकी काही बोलली नाही. संध्याकाळी गावात कुठल्याच घरातनं धूर नव्हता.

मामाला मी पोस्टकार्ड लिहून हे कळवलं. त्याचं उलट कार्ड आलं, शेजारच्या पोराकडनं लिहून घेतलेलं. त्यात होतं, "इकडे पेपरात वाचले. गिऱ्हाईकास सांगितले की ह्या बिडीत आमची माणसे आहेत. तब्येत सांभाळणे."

मामाचा घसा बसला तो १९९३ च्या पावसाळ्यात. आधी वाटलं, सर्दी. मग मामी म्हणाली, चुन्यानं. दिवाळीपर्यंत आवाज गेला. परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं, मी तांदूळ-गूळ घेऊन मुंबईला गेलो तो महिनाभर राहिलो. डॉक्टर तरुण होता, मराठी होता, नीट बोलायचा. त्यानं विचारलं, काय ओढता? मामानं दोन बोटं तोंडाजवळ नेऊन बिडीची खूण केली. डॉक्टर म्हणाला, "बिडी विझू नये म्हणून सारखी ओढावी लागते, जोरात ओढावी लागते. सिगारेटीपेक्षा कमी नाही ती, उलट जास्तच." मामानं माझ्याकडं बघितलं. त्याला बोलता येत नव्हतं. पाटी-पेन्सिल दिली होती. पण लिहायला त्याला नावापुरतंच यायचं. त्यानं हवेत बोटानं चौकोन काढला, बंडलाएवढा, आणि त्यावर बोट फिरवून हात हलवला. डॉक्टरला ते कळलं नाही. मला कळलं. लिहिलेलं नव्हतं, असं तो सांगत होता.

पुढच्या आषाढात मामा गेला. दिवस झाल्यावर मामी भांडी लावता लावता म्हणाली, "तुमच्या रानातलीच हुती." रागानं नाही म्हणाली. जोंधळा कुठला, तांदूळ कुठला असं सांगावं तसं. मी काही बोललो नाही.

त्यानंतर दहा वर्षं मी तंबाखूच लावत होतो. काही लोक विचारतात, कसं काय लावलीत? त्यांना मी सांगतो, त्या वर्षी सोसायटीचं कर्ज होतं, दुसऱ्या वर्षी बहिणीच्या पोरीचं लग्न, तिसऱ्या वर्षी विहीर. तंबाखू सोडा असं सांगायला लोक गाडीतनं येतात, सोडल्यावर काय लावू ह्याचं उत्तर त्यांच्या गाडीत नसतं. आमच्याकडं ते उत्तर आलं नदीवरच्या पाणी योजनेच्या रूपानं. २००४ साली रानात पाणी आलं आणि त्याच वर्षी ऊस लावला. माझ्या हाताचा काळा चीक त्या हंगामापासून गेला तो गेला. ऊसवाल्याचं दुःख वेगळं आहे, ते पुन्हा कधी.

इकडं पनामाचंही दिवसमान बदललं होतं. १९७९ च्या सुमारास कंपनी दालमियांकडं गेली. १९८७ पासून सिगारेटीवरची एक्साइज लांबीवर बसायला लागली, किती मिलिमीटरची कांडी त्यावर कर. उसाच्या कांडीवर असा कर बसवला तर आम्ही काय करू, असं मनात आलं होतं. फिल्टरची सिगारेट आली आणि साधी म्हाताऱ्यांची ठरली. आय.टी.सी. मोठी होत गेली. पनामाचं काम पुढं बडोद्याला गेलं. गिरण्या बंद पडल्या, त्यातला पनामा ओढणारा माणूस कुठं गेला ते कुणी मोजलं नाही. पारल्याचा बिस्किटाचा कारखाना २०१६ ला बंद झाला तेव्हा पेपरांत पानंच्या पानं आली, तो बिस्किटाचा वास आता येणार नाही म्हणून माणसं हळहळली. तंबाखूच्या वासासाठी कुणी हळहळलं नाही, आणि ते रास्तच आहे. पण त्या वासातही माणसं कामाला जात होती.

कायदेही येत गेले. २००३ साली मोठा कायदा झाला, त्यात बिडी आली. २००८ च्या २ ऑक्टोबरपासून चारचौघांत सिगारेट ओढायला बंदी. २००९ च्या ३१ मेपासून चित्रं. मग २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग सूचनेला. नावाला जागा राहिली ती पंधरा टक्के.

दोन वर्षांपूर्वी मामेभावाच्या मुलीच्या साखरपुड्याला मालाडला गेलो. मामी अजून आहे, ऐकू कमी येतं. कुरारला आता मेट्रोचं स्टेशन झालंय, मामाची खोली होती तिथं सात मजली इमारत. मामेभाऊ रिक्षा चालवतो, ती स्वतःची आहे. संध्याकाळी आम्ही दोघं पश्चिमेला चालत गेलो. मामाच्या टपरीची जागा नेमकी कुठं, ह्यावर आमचं एकमत होईना. तो म्हणाला ह्या मोबाईलच्या दुकानापाशी, मी म्हणालो त्या पुलाच्या पायाशी. दोघांनी पावलं मोजली. शेवटी जवळच एक पानवाला होता, त्याला मी सहज विचारलं, "पनामा आहे का?"

पोरगा उत्तरेकडचा, वीस-बावीसचा. म्हणाला, "वो क्या होता है चाचा?"

"सिगारेट."

"नहीं है. बीडी है, देखो."

त्यानं बंडल पुढं सरकवलं. मालकाचा फोटो कोपऱ्यात बारीक झाला होता. बाकी सगळ्या बंडलावर रोग्याचं चित्र आणि ठळक अक्षरं. मामेभावानं ते हातात घेतलं, सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं, ओठ हलवत वाचलं. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग परत फळीवर ठेवलं आणि पोराकडनं दोन मसाला पानं बांधून घेतली, एक मामीला, एक नवऱ्या मुलीला.